जांबुवंत व्हायचं की शल्य?



या आठवड्याच्या चिंतनासाठी रामायणातला एक प्रसंग घेऊ या. सीतामाईच्या शोधात निघालेले वानर दक्षिणेच्या समुद्रापाशी येऊन थांबले. लंका शंभर योजनं दूर. कोण किती उडी मारू शकेल, याची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं दहा योजनं, कुणी म्हणालं वीस. अंगद म्हणाला, "शंभर योजनं जाईन, पण परत येईन याची खात्री नाही." म्हातारा जांबुवंत म्हणाला, "तरुणपणी मी त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातली होती. आता मात्र नव्वद योजनांपलीकडे माझ्याने जाववणार नाही."

या सगळ्या बोलण्यात एक जण गप्प बसून होता. हनुमान. लहानपणी सूर्याला फळ समजून झेप घेणारा हा वीर स्वतःचं सामर्थ्यच विसरून गेला होता. ऋषींचा तसा शापच होता, की कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय त्याला स्वतःचं बळ कळणार नाही.

ती आठवण जांबुवंताने करून दिली. त्याने हनुमानाला नवीन शक्ती दिली नाही, खोटी स्तुतीही केली नाही. तू कोणाचा मुलगा, बालपणी काय केलंस, एवढंच सांगितलं. जे खरं होतं तेच सांगितलं आणि योग्य वेळी सांगितलं. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे.

आता महाभारतात या. कर्णाचा सारथी शल्य. घोडे हाकण्यात तो श्रीकृष्णाच्या तोडीचा मानला जायचा. पण युधिष्ठिराला त्याने शब्द दिला होता, की सारथ्य करताना कर्णाचा तेजोभंग करीन. म्हणून ऐन युद्धात तो कर्णाला टोचून बोलत राहिला. तू कावळा, अर्जुन हंस, असं म्हणून अख्खी गोष्ट सांगितली. कर्णाच्या शेवटाला शाप, रुतलेलं चाक अशी पुष्कळ कारणं आहेत. पण ज्याच्या हाती आपला लगाम, तोच आपल्याला खाली ओढतोय, हे दुःख लहान नाही.

हे लिहिताना आम्हाला आमच्या घरातली गोष्ट आठवते. ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

आम्ही इंदूरचे. वयाची सत्तरी ओलांडली. दोन वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईने स्कूटी शिकायचं ठरवलं. वय बेचाळीस. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडी घसरली, कोपर खरचटलं. आम्ही ओट्यावरच बसलो होतो. चार शेजाऱ्यांसमोर बोलून गेलो, "या वयात कशाला हे नाद? हे तुझ्याने व्हायचं नाही." काळजीपोटीच बोललो, असं आम्ही स्वतःला समजावलं. ती काही बोलली नाही. गाडीवर प्लॅस्टिक टाकलं आणि आत गेली. ते प्लॅस्टिक आठ महिने निघालं नाही.

मग एका रविवारी पारायणात हाच जांबुवंताचा प्रसंग आला. घरी येताना अंगणात ती झाकलेली गाडी दिसली आणि लख्ख कळलं, की त्या दिवशी ओट्यावर शल्य बसला होता.

सूनबाईचं माहेर बेळगावजवळच्या खेड्यातलं. लग्नाच्या बोलणीत तिच्या वडिलांनी कौतुकाने सांगितलं होतं, की पोरगी धाकट्या भावाला मागे बसवून सायकलवर शाळेत जायची, पावसाळ्यातसुद्धा. त्या रात्री जेवताना आम्ही म्हणालो, "सूनबाई, चिखलातून भावाला घेऊन सायकल मारणारी तू. तुझा तोल गेला नव्हता, आमची जीभ घसरली होती. चुकलंच आमचं."

ती हसली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते अजून आठवतंय?" डोळे मात्र भरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे प्लॅस्टिक निघालं. आता आम्हाला गुडघ्याच्या तपासणीला तीच गाडीवरून नेते. मागे बसून आम्ही नामस्मरण करतो, आणि तेही भीतीने नव्हे!

आपल्या परिवारात वयस्कर मंडळी नेहमी म्हणतात, "आता आमच्याने काय होणार? आमचा काय उपयोग?" जांबुवंताकडे पाहा. समुद्र ओलांडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. पण कुणामध्ये काय बळ आहे, हे त्याला आठवत होतं. त्याची ती आठवण उपयोगी पडली. थोरांनी घरातल्या प्रत्येकाचं लहानपण, धडपड, जिद्द पाहिलेली असते. ती जपून ठेवणं आणि वेळेला त्या माणसाच्या हाती देणं, हे केवढं मोठं काम आहे! जगण्याला हेतू हवा तर तो घरातच आहे. आणि हे काम लहानांनाही जमतं. आजीचा हात कापतो, पण तिच्या पुरणपोळीची सर कुणाला नाही, हे नातवाने सांगावं.

या आठवड्याची साधना तीन गोष्टींची:

१. घरातल्या एका माणसाला, त्याने पूर्वी करून दाखवलेली एक खरी गोष्ट आठवण करून द्या. नुसतं "छान, छान" नको. काय केलं, कधी केलं, ते सांगा.

२. चूक दाखवायचीच असेल तर एकांतात दाखवा. चौघांत नको, आणि फॅमिली ग्रुपवर तर नकोच.

३. "तुझ्याने होणार नाही" हे वाक्य ओठांवर आलं, की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, आत्ता कोण बोलतोय, जांबुवंत की शल्य?

रात्री झोपण्यापूर्वी एवढा एक हिशोब करू या. आज आपल्या बोलण्याने कुणाची गाडी झाकली गेली, आणि कुणाची बाहेर निघाली?

सर्वांचे कल्याण होवो.