बायोस अपडेटनंतर एसएसडी दिसत नाही? वॉरंटीत पाठवण्याआधी हे वाचा



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या व्यवसायांमध्ये आपण लॅपटॉप अपग्रेडचं काम बघितलं. जुनी हार्ड डिस्क काढायची, एसएसडी बसवायची, विंडोज टाकून द्यायचं. एक स्क्रू ड्रायव्हरचा सेट, दोन पेनड्राइव्ह, एक-दोन यूएसबी केस आणि घरातलं एक टेबल, एवढ्यावर काम सुरू होतं. व्हिडिओत मी एक भाग मात्र पाच मिनिटांत उरकला, कारण स्क्रीनवर दाखवण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. तो भाग म्हणजे चार महिन्यांनी परत आलेला लॅपटॉप. खरं सांगायचं तर पैसे आणि नाव दोन्ही इथेच जातं. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आपला एक विद्यार्थी कराडच्या बाजूला हे काम करतो. जीएसटीची कामं बघणाऱ्या एका काकांच्या लॅपटॉपला त्याने एनव्हीएमई एसएसडी बसवून दिली होती. लॅपटॉप मस्त चालला, काकांनी आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली. आणि मग एका महिन्याच्या १८ तारखेला सकाळी फोन आला, "अरे, तुझी ती डिस्क गेली बघ. निळा पडदा येतोय. परवा रिटर्न भरायचेत माझे." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख २० असते. काकांचा सगळा टॅलीचा डेटा त्याच डिस्कवर. बॅकअप? "घ्यायचा होता रे."

हा पोरगा लॅपटॉप घेऊन आला, विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, तर ड्राइव्हची यादीच रिकामी. लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तिथून उत्तर आलं की बाहेरचा पार्ट टाकलाय, आम्ही काही सांगू शकत नाही. संध्याकाळी मला फोन. "सर, एसएसडी मेली. वॉरंटीत पाठवतो आणि नवीन टाकून देतो."

मी एकच प्रश्न विचारला. "बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव दिसतंय का?"

"हो, नाव दिसतंय."

"मग मेलेली नाही. थांब, काही करू नकोस."

आता वॉरंटीत पाठवली असती तर काय झालं असतं ते आधी समजून घ्या. एसएसडी कंपनी तुम्हाला बदली ड्राइव्ह देते, तुमचा डेटा काढून देत नाही. चालू असलेली डिस्क, त्यातला काकांचा सगळा डेटा, आपण आपल्या हाताने कुरिअरमध्ये टाकून दिला असता.

झालं काय होतं?

काका म्हणत होते, "मी काहीच केलं नाही." गिऱ्हाईक असं म्हणालं की आपण मनात हसतो. पण काका खरं बोलत होते. आजकाल लॅपटॉपचं बायोस अपडेट विंडोज अपडेटमधूनच येतं. रात्री झाकण मिटताना "अपडेट अँड शट डाउन" दाबलं की झालं. आणि काही वेळा या अपडेटनंतर बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर जातात, म्हणजे कंपनीतून लॅपटॉप आला तेव्हा जशी होती तशी.

इथे खरी मेख आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचं एक सेटिंग कंपनीतूनच चालू असतं. ते चालू असलं की एनव्हीएमई ड्राइव्ह थेट विंडोजला दिसत नाही, मध्ये इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर लागतो. विंडोजच्या साध्या पेनड्राइव्हमध्ये तो नसला की यादी रिकामी दिसते. म्हणून आपली बरीच मंडळी विंडोज टाकताना व्हीएमडी बंद करतात, काम होतं आणि विसरून जातात. या पोरानेही तेच केलं होतं. बायोस अपडेटने व्हीएमडी परत चालू केलं. विंडोज सुरू व्हायला गेलं, त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना, आणि निळा पडदा आला. त्यावर लिहिलेलं असतं "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". जुन्या लॅपटॉपमध्ये हाच गोंधळ साटा मोडच्या नावाने होतो, एएचसीआय की रेड. नाव वेगळं, रोग तोच.

व्हीएमडी बंद केलं, सेव्ह केलं, लॅपटॉप चालू. दोन मिनिटांचं काम!

शोध कुठून सुरू करायचा

मी सगळ्यांना हेच सांगतो, पहिला पाना बायोसमध्ये. लॅपटॉप उघडू नका, पेनड्राइव्ह लावू नका. डेल, एसर, असूसला बहुतेक वेळा एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१ किंवा एफ२. आत गेलात की ड्राइव्हचं नाव शोधा. नाव दिसतंय की नाही, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

नाव दिसत असेल तर डिस्क आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतायत. मग भांडण सेटिंगचं आहे. व्हीएमडी किंवा साटा मोड बघा. बूटच्या यादीत "विंडोज बूट मॅनेजर" आहे का आणि तो पहिला आहे का बघा. जुनं विंडोज लीगसी मोडमध्ये टाकलेलं असेल आणि अपडेटने फक्त यूईएफआय ठेवलं असेल, तरीही "नो बूट डिव्हाइस" येतं. आधी कोणता मोड होता हे लिहून ठेवलेलं नसेल तर एकच ड्राइव्ह असलेल्या साध्या लॅपटॉपवर एकदा हा, एकदा तो असं करून बघता येतं, त्याने डेटा जात नाही. पण दोन ड्राइव्ह जोडून रेड केलेलं असेल किंवा इंटेलचं ऑप्टेन असेल, तर तिथे मोडला हात लावायचा नाही. आणि या सगळ्यात विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखवेल, त्यात "रीसेट धिस पीसी" असा पर्याय असतो. तो दाबायचा नाही. कितीही घाई असली तरी नाही.

एक मिनिट. मोड बदलण्याआधी एन्क्रिप्शनचं बघा. बिटलॉकर चालू असेल तर बायोस अपडेटनंतर किंवा बायोसचं सेटिंग बदलल्यावर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. नवीन लॅपटॉपमध्ये होम एडिशन असलं तरी डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. ती की बहुतेक वेळा त्यांच्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. मोबाइलवर लॉगिन करून शोधायला सांगा. "कोणतं अकाउंट? ते मुलाने काढून दिलं होतं" असं उत्तर आलं तर मुलाला फोन लावा, पण की हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. कीशिवाय तो डेटा तुम्हालाच काय, कोणालाच उघडत नाही.

आता नावच दिसत नसेल तर? चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, खालचं झाकण उघडा, बॅटरीची पिन सोडवा, मग ड्राइव्ह काढून नीट बसवा. स्क्रू ढिला असणं, ड्राइव्ह तिरका बसणं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. तरी नाही दिसला तर यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावा. इथे एक गफलत होते: एम.२ आकाराचे साटा ड्राइव्ह वेगळे आणि एनव्हीएमई वेगळे. दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असू शकतात, दिसायला भावंडंच. पण साटाच्या केसमध्ये एनव्हीएमई चालत नाही आणि मग आपण चांगल्या डिस्कला मेली म्हणतो. केस कोणता हे आधी बघून घ्या. त्यात ड्राइव्ह दिसला, तर सगळ्यात पहिलं काम डेटा उतरवून घेणं. बाकीचा तपास नंतर.

दोष नेहमी सेटिंगचाच असतो असं नाही

कधी कधी अपडेट आणि ड्राइव्ह यांचं खरंच पटत नाही. याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण ॲपलचं. जून २००९मध्ये आलेल्या मॅकबुक प्रोमध्ये डिस्कच्या जोडणीचा वेग १.५ गिगाबिटवर अडकवलेला होता. लोकांनी तक्रार केली. ॲपलने त्याच महिन्यात ईएफआय फर्मवेअर १.७ काढलं आणि ३ गिगाबिटची वाट मोकळी केली. मागितलं ते मिळालं! पण नंतर बाहेरची एसएसडी किंवा हार्ड डिस्क टाकलेल्या काही लोकांचे लॅपटॉप अडकायला लागले, स्क्रीनवर रंगीत चकती फिरत राहायची. कंपनीची मूळ डिस्क परत टाकली की ठीक. आणि ॲपलने अपडेटसोबतच लिहून ठेवलं होतं की या वेगाचे ड्राइव्ह आम्ही तपासलेले नाहीत, त्यांना आमचा सपोर्ट नाही. आपल्या धंद्याची हद्द इथेच कळते. लॅपटॉप कंपनी फक्त स्वतः विकलेल्या पार्टची जबाबदारी घेते. बाकीची, गिऱ्हाइकाच्या नजरेत, तुमची.

उलटंही होतं. दोष ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये असतो आणि अपडेट हाच उपाय असतो. क्रूशियलची एम४ एसएसडी ५,१८४ तास चालली की अडकायची, मग दर तासाला अडकायची. कंपनीने जानेवारी २०१२मध्ये नवीन फर्मवेअर दिलं आणि प्रश्न संपला. अलीकडचं बघायचं तर २०२४मध्ये विंडोज ११चं २४एच२ अपडेट आलं. वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या ड्राइव्हच्या २ टीबी मॉडेलवर निळे पडदे यायला लागले. हे ड्राइव्ह लॅपटॉपच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेतात. आधी विंडोज ६४ एमबी देत होतं, नव्या अपडेटमध्ये २०० एमबी द्यायला लागलं आणि ड्राइव्ह गडबडले. यावरही वेस्टर्न डिजिटलने फर्मवेअर काढलं.

म्हणून सेटिंग बरोबर असूनही लॅपटॉप मधूनमधून अडकत असेल, तर ड्राइव्ह कंपनीचं सॉफ्टवेअर टाका. सॅमसंगचं मॅजिशियन, क्रूशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, वेस्टर्न डिजिटलच्या ड्राइव्हसाठी आता सॅनडिस्कचं डॅशबोर्ड. नवीन फर्मवेअर आहे का ते तिथे कळतं. टाकण्याआधी बॅकअप, आणि चार्जर लावलेला. बायोस अपडेटलाही हाच नियम. आपल्याकडे दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, बॅटरी बसलेल्या लॅपटॉपवर बायोस अपडेट करणं म्हणजे मदरबोर्डची पैज लावणं. जुन्या बायोसवर परत जाता येईल यावरही विसंबू नका, काही लॅपटॉप जाऊ देतात, बरेच देत नाहीत.

बिनबिलाची, नाव न ऐकलेली स्वस्त एसएसडी टाकलीत तर यातलं काहीच करता येत नाही. ना सॉफ्टवेअर, ना फर्मवेअर, ना फोन उचलणारा माणूस. पाचशे रुपये वाचवायला जाऊ नका.

धंद्याच्या बाजूने

त्या पोराला मी नंतर एक जॉब कार्ड करायला लावलं. साधं, अर्ध्या पानाचं. लॅपटॉपचं मॉडेल, बायोसचं व्हर्जन, एसएसडीचं नाव आणि सिरियल नंबर, व्हीएमडी किंवा साटा मोड काय ठेवलाय, एन्क्रिप्शन चालू की बंद. बायोसच्या पडद्याचे दोन फोटो मोबाइलवर, गिऱ्हाइकाच्या नावाने सेव्ह. हे असतं तर काकांचं काम त्याने फोनवरच करून दिलं असतं. शिवाय आता तो व्हीएमडी बंद करायच्या ऐवजी इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्येच ठेवतो आणि मूळ सेटिंगवरच विंडोज टाकतो. सेटिंग मूळ पदावर गेलं तरी काही बिघडत नाही. थोडा वेळ जास्त लागतो, पण हीच पद्धत बरी.

जुनी हार्ड डिस्क गिऱ्हाइकाला लगेच पुसून देऊ नका. पाकिटात घालून, नाव-तारीख लिहून, त्यांच्याकडेच सांभाळायला द्या. आणि बिलावर मराठीत दोन ओळी छापा: एसएसडीची वॉरंटी एसएसडी कंपनीची, डेटाचा बॅकअप गिऱ्हाइकाने ठेवायचा, बायोस अपडेटआधी आम्हाला एक फोन करा. ही शेवटची ओळ तोंडीही सांगा. वाचत कोणी नाही.

परत आलेल्या लॅपटॉपचे पैसे घ्यायचे का? माझं मत, आपण बदललेल्या सेटिंगमुळे बंद पडला असेल तर एक रुपयाही नाही. कारण दुसरं असेल तर तपासणीचे तीनशे-पाचशे आधी सांगून घ्या, संकोच करू नका. काकांकडून आपल्या विद्यार्थ्याने काहीच घेतलं नाही. १९ तारखेला सकाळी लॅपटॉप नेऊन दिला आणि काय झालं होतं, चूक कुठे स्वतःची होती, ते सरळ सांगितलं. काकांनी त्याच वेळी त्याच्याकडून बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क मागवली. दर शनिवारी बॅकअप घ्यायचं कामही आता त्याच्याकडेच आहे, महिन्याच्या ठरलेल्या पैशावर.