आकडा सावलीतला, काम उन्हातलं



एप्रिल उजाडला की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यंदा ऊन लईच आहे गं बाई!" मग हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते होतात आणि उन्हाचा विषय तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी आपण कांदा काढायला हजर. या महिन्याच्या पाठात तोच विषय पुढे नेऊ या.

टीव्हीवरचा आकडा कुठला?

"आज ४२ अंश" असं सांगतात, ते तापमान हवामान केंद्रावर मोजलेलं असतं. तिथला तापमापक उन्हात ठेवत नाहीत. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच, फटी असलेल्या पांढऱ्या पेटीत तो असतो. आत वारा जातो, ऊन जात नाही. म्हणजे ४२ हा सावलीतल्या हवेचा आकडा आहे. आपण मात्र वाफ्यात बसलेल्या असतो. वरून ऊन, खालून तापलेली माती. हळद शिजवताना शेजारी भट्टी. घरी आलं की पत्र्याखाली चूल. आपल्या अंगाला लागणारी उष्णता त्या आकड्यापेक्षा जास्तच असते.

दुसरी गोष्ट घामाची. घाम वाळला तरच अंग थंड होतं. हवा दमट असली की तो वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला. त्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर तापमान सुमारे ३८ अंशच होतं. म्हणून "चाळीसच्या आत आहे, काही होत नाही," असं म्हणू नका.

रंग ओळखा

हवामान खातं पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार इशारा रंगात देतं. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. मैदानी भागात तापमान निदान ४० अंश आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, किंवा थेट ४५ ला पोचलं, की उष्णतेची लाट धरतात. 'मौसम' ॲपवर हे इशारे दिसतात. 'मेघदूत' ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा सल्ला मराठीतही मिळतो.

पूर्वीचं ऊन आणि आताचं

"आमच्या वेळीही ऊन होतंच की," असं सासूबाई म्हणतात. होतंच. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून निघालेला वायू हवेत साठतो आणि गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यात २०२४ हे भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. रात्रीही तापतात. रात्री अंग निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन थकलेल्या शरीराला लागतं. म्हणून लाटेचा तिसरा-चौथा दिवस पहिल्यापेक्षा जास्त सांभाळायचा.

एकटीने नाही, गटाने

आता खरी अडचण. इशारा कळला तरी काम कोण सोडणार? रोज बुडाला तर घरात काय शिजणार? एकटी म्हणाली, "दुपारी येणार नाही," तर मालक दुसरीला बोलावतो. दहाजणी म्हणाल्या, "पहाटे सहाला येतो, बाराच्या आत थांबतो, उरलेलं चारनंतर करतो," तर तो ऐकतो. कारण काम त्यालाही करून हवं असतं. म्हणून पुढच्या बैठकीत हे ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा:

१. रोज संध्याकाळी इशारा बघून गटाला कळवणारी एकजण ठरवा. जिच्याकडे मोबाइल नाही, तिला निरोप कोण देणार, तेही ठरवा.
२. नारंगी आणि लाल इशाऱ्याला कामाची वेळ कोणती, हे मालकाशी किंवा मुकादमाशी आधीच बोला.
३. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची सोय द्यावीच लागते. नसेल तर सगळ्याजणी मिळून मागा.
४. गरोदर, अंगावर पाजणारी, म्हातारी, बीपी-शुगरची औषधं घेणारी अशा बायकांची यादी करा. लाटेत दिवसातून दोनदा त्यांची चौकशी करा.

आणखी एक, जे आपण मोठ्यानं बोलत नाही. लघवीला आडोसा नाही म्हणून आपण पाणीच कमी पितो. ही सवय जिवावर बेतू शकते. कामावर चार काठ्या आणि जुन्या लुगड्याचा आडोसा उभा करा, पण पाणी प्या. तहान लागायची वाट बघू नका.

लक्षणं ओळखा

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले, तर काम थांबवा, सावलीत बसा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चहाचा चमचा), ते थोडं थोडं प्या.

अंग तापलेलं आहे, बाई असंबद्ध बोलते आहे, शुद्ध जाते आहे किंवा झटके येत आहेत, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, पदराने वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

बैठकीत विचारा

आपल्या जिल्ह्याला आज कोणता रंग आहे? तो कोणी पाहिला? आणि उद्या आपण कामाला किती वाजता निघणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्याजणींचं एकच आलं, तर हा पाठ पूर्ण झाला.