रंगीत पानांचा माठ

फुलझाडं तर सगळेच लावतात. पण नुसत्या पानांनी अंगण रंगवणारं एक झाड आपल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे लाल माठ. हा माठ पाण्याचा नव्हे, भाजीचा! फुटक्या माठात मात्र तो छान येतो.

शहरातल्या बागांत शोभेचा माठ लावतात. त्याच्या एकाच झाडावर लाल, पिवळी आणि हिरवी पानं दिसतात. स्वीडन देशाच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली या जातीला 'ट्रायकलर', म्हणजे तीन रंगांचा, असं नाव दिलं. आपला भाजीचा लाल माठ त्याच जातीचा. म्हणजे शोभाही घरची आणि भाजीही घरची.

माठाचं बी काळं, चकचकीत आणि खसखशीसारखं बारीक असतं. म्हणून चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून पेरा. नाही तर एकाच जागी दाटी होते. तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोकं पाडा. त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरा. आपली काळी माती चिकट, तिच्यात थोडी वाळू घाला. बियांवर जेमतेम झाकेल एवढीच माती भुरभुरा. खोल गेलेलं बी उगवत नाही. पाणी हाताने शिंपडा. मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने राख टाका.

ऊब असली की चार-सहा दिवसांत रोपं दिसतात. घाटावर पौषाच्या थंडीत जास्त दिवस लागतात. शेगाव, संग्रामपूरकडच्या खारपाण पट्ट्यात विहिरीच्या पाण्याने मातीवर मिठाचा पांढरा थर येतो. तिथे गोड्या पाण्यात तांदूळ धुवावेत आणि तेच पाणी रोपांना घालावं. डबा उन्हात ठेवा. सावलीत पानं हिरवट पडतात.

महिन्याभरात भाजी होते. वर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. मूतखडा असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारून खावी.

आता बियाची गोष्ट. पुष्कळ घरी उंच, लालभडक रोपं आधी भाजीला उपटतात. उरलेलं मरतुकडं झाड बियाला राहतं. दोन-चार वर्षांत रंग उतरतो. मग म्हणतात, "बी जुनं झालं." बी जुनं नाही झालं, वाण बिघडला! त्यापेक्षा हिरवट रोपं फुलण्याआधीच भाजीत घाला. सगळ्यांत लाल, दणकट अशी पाच-सहा झाडं निवडा. त्यांना चिंधी बांधा आणि घरात सांगून ठेवा, "यांना हात लावायचा नाही."

तीनेक महिन्यांनी तुरे वाळू लागतात. बोटांनी चोळून काळं बी पडलं, की तुरे कापा. कापडावर वाळवा, चोळा, सुपात पाखडा. कोरड्या बाटलीत भरून बूच घट्ट लावा. बाटलीवर कागद चिकटवा आणि स्वतःच्या हाताने लिहा: लाल माठ, महिना, साल.