जुन्या जीपमध्ये गाणी, पण डॅशबोर्ड न कापता

प्रश्न : वडिलांची महिंद्रा सीजे-३बी पेट्रोल जीप जपून ठेवली आहे. तिचं मूळ रूप न बिघडवता स्टिरिओ बसवता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नक्की येईल. डॅशबोर्डला ड्रिल लावू नका. तो सपाट पत्रा एकदा कापला की गेलाच.

आधी बॅटरी पाहा. सीजे-३बी मुळात विलीजची, आणि जुन्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा असे; आजचे अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर चालतात. गाडी १२ व्होल्टची असली तरी डायनामो मूळचाच असेल, तर इंजिन मंद चालताना चार्जिंग फारसं होत नाही. म्हणून ‘क्लास-डी’ प्रकारचा छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर घ्या. तो वीज कमी खातो आणि कमी तापतो. सोलापूरचा चाळिशीपार उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा!

शेजारच्या सीटखाली हत्यारांचा कप्पा आहे, अ‍ॅम्प्लिफायर तिथे लपवा. ड्रायव्हरच्या सीटखाली मुळीच नको, तिथे पेट्रोलची टाकी असते. स्पीकर बोटींसाठी बनवलेले, धूळ-पाणी सोसणारे घ्या. ते प्लायवूडच्या खोक्यांत घालून मागच्या बाकांखाली ठेवा आणि खोकी आधीच्याच बोल्टांना आवळा. सबवूफरवर पैसे घालवू नका. उघड्या गाडीत खर्जाचा आवाज वाऱ्यावर विरतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीवरून आणा. रंग खरवडून अर्थिंग शोधावं लागणार नाही. पॉझिटिव्ह वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो बसेपर्यंत वायर बॅटरीला जोडू नका.