हातांची भाषा

गावात एखादा बहिरा माणूस असतो. आईबापांनी त्याचे नाव हौसेने ठेवलेले असते. पण त्या नावाने त्याला कोण ओळखतो? आपण त्याला 'मुका' म्हणतो. कोणी 'येडा'ही म्हणतो. तो हातवारे करू लागला, की पोरं नक्कल करून हसतात. आपण त्यांना दटावतो का? नाही. आपणही हसतो.

ऐकू येत नाही त्याला अक्कल नाही, ही समजूत फार जुनी आहे. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या माणसाला मिळकतीत वाटा देऊ नये, फक्त अन्नवस्त्र द्यावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. पुढे १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. व्यंग आहे म्हणून कोणाचा वारसाहक्क जात नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

बहिरे मूल बोलत का नाही? बहुधा त्याची जीभ आणि गळा धड असतो. पण मूल ऐकून ऐकून बोलायला शिकते. कानी शब्द पडला नाही, तर तोंडी कसा येणार? यात अकलेचा दोष नाही.

अशी माणसे एकत्र आली, की हातांनी बोलतात. सुमारे १७६० साली फ्रान्स देशात, पॅरिस शहरात, द लेपे नावाच्या धर्मगुरूने बहिऱ्या मुलांची शाळा काढली. त्याने आधी त्यांच्या खुणा शिकून घेतल्या. मग खुणांच्या आधारे मुलांना लिहा-वाचायला शिकवले. पुढे त्या शाळेतले काही विद्यार्थी स्वतः शिक्षक झाले.

पण १८८० साली इटलीतल्या मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी सभा भरली. सभेत जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते. बहिऱ्या मुलांना तोंडानेच बोलायला शिकवावे, खुणा नकोत, असा ठराव त्यांनी केला. ज्यांच्याविषयी ठराव, त्यांना विचारलेच नाही! मग अनेक देशांत शाळांतून खुणा बंद झाल्या. मुलाने हात हलवला, की शिक्षा होई. बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

१९६० साली अमेरिकेतल्या स्टोकी या प्राध्यापकाने दाखवून दिले, की हे नुसते हातवारे नव्हेत. ही पुरी भाषा आहे. तिला नियम आहेत. शेवटी २०१० साली कॅनडातल्या व्हँकूवर शहरी तशीच सभा भरली. तिने मिलानचे ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. पण त्याला १३० वर्षे लागली. तेवढ्यात कितीतरी पिढ्या गेल्या.

आपल्या देशात २०१६ च्या कायद्याने सांगितले आहे, की बहिऱ्या मुलाला त्याला योग्य अशा भाषेत शिकवावे. २०१८ साली भारतीय खुणांच्या भाषेचा ३,००० शब्दांचा कोश निघाला.

आता आपण काय करावे? बहिऱ्या माणसाला नावाने ओळखावे. त्याच्या समोर, उजेडात उभे राहून बोलावे. त्याच्या चार खुणा शिकाव्यात. घरात बहिरे मूल असेल, तर त्याला लपवू नये. लवकर शाळेत घालावे. त्याच्याशी हातांनी बोलावे.

कालपर्यंत आपल्यालाही अक्षर कळत नव्हते. लोक आपल्याला अडाणी म्हणत. आपल्याला अक्कल नव्हती का? होती. शिकवणारे कोणी भेटले नव्हते, एवढेच. हे दुःख आपल्याइतके कोणाला कळणार?