पंचगंगेचे पाणी आणि संघराज्याचा पाठ

संघराज्यातील अधिकारविभागणी हा नागरिकशास्त्राचा घटक वरच्या इयत्तांस शिकविताना केंद्रसूची, राज्यसूची व समवर्ती सूची ही तीन नावे फळ्यावर लिहिली जातात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. चार दिवसांनी प्रश्न विचारला, तर ‘दिल्लीचे सरकार मोठे, मुंबईचे लहान’ एवढेच उत्तर मिळते. हा समज चुकीचा आहे. तो दूर करण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकास उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको.

प्रस्तावना : पाठाचा आरंभ नकाशाने करावा. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापुरावरून वाहते. लोकसमजुतीप्रमाणे गुप्त सरस्वती ही तिची पाचवी नदी होय. नृसिंहवाडीस ती कृष्णेस मिळते. कृष्णा पुढे कर्नाटकात शिरते आणि तेलंगण व आंध्र प्रदेशांतून बंगालच्या उपसागरास जाते. नकाशावर हा मार्ग बोटाने दाखवून ‘या पाण्यावर अधिकार कोणाचा?’ असे विचारावे व मुलांस विचार करण्यास अवधी द्यावा.

विवेचन : संस्थानी काळात या प्रश्नाचे उत्तर बरेच सोपे होते. भोगावतीवर राधानगरीस धरण बांधावयाचे, हे राजर्षी शाहू छत्रपतींनी ठरविले आणि काम सुरू झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० पासून संविधान अंमलात आले आणि कोणता विषय कोणाकडे, हे त्याच्या सातव्या अनुसूचीने ठरविले. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, रेल्वे व चलन हे विषय संघाकडे आले. पोलीस, शेती व सार्वजनिक आरोग्य हे राज्यांकडे राहिले. समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात. परंतु त्यांत विरोध आल्यास सामान्यतः संसदेचा कायदा श्रेष्ठ ठरतो.

पाणीपुरवठा, पाटबंधारे व जलसंचय हे विषय राज्यसूचीत १७ व्या क्रमांकावर आहेत. म्हणून राधानगरीचे पाणी केव्हा सोडावे, बंधारा कोठे घालावा, हे महाराष्ट्र शासन ठरविते. तथापि त्या नोंदीस एक मर्यादा आहे. केंद्रसूचीतील ५६ व्या नोंदीनुसार, लोकहितासाठी आवश्यक असल्याचे संसदेने कायद्याने घोषित केल्यास, आंतरराज्य नद्यांचे नियमन त्या मर्यादेत संघाकडे येते. शिवाय अनुच्छेद २६२ अन्वये अशा नद्यांच्या तंट्यांच्या निवाड्याची तरतूद संसद करू शकते. तशी तरतूद १९५६ च्या कायद्याने झाली.

कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, म्हैसूर व आंध्र प्रदेश यांत तंटा झाला, तेव्हा १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. लवादाने महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. (या आकड्यांची बेरीज विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.) येथे मुख्य मुद्दा ठसवावा : एका राज्याने दुसऱ्यास हुकूम केला नाही आणि दिल्लीनेही आपल्या मर्जीने वाटणी केली नाही. सर्वांचे म्हणणे ऐकून कायद्याने नेमलेल्या लवादाने निवाडा दिला.

दक्षता : २००५, २०१९ व २०२१ चे महापूर अनेक मुलांच्या घरांत शिरले आहेत. वर्गात एखादा मुलगा म्हणेल, ‘कर्नाटकाने अलमट्टीचे दरवाजे उघडले नाहीत, म्हणून आमचे घर बुडाले.’ त्यास गप्प बसवू नये आणि त्याच्या सुरात सूरही मिसळू नये. पुरास पाऊस किती कारण, धरण किती व नदीपात्रालगतची बांधकामे किती, हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे. दरवाजांवर अधिकार कोणाचा, हा मात्र नागरिकशास्त्राचा प्रश्न आहे. तो कर्नाटक शासनाचा आहे. महाराष्ट्र त्याच्याशी विचारविनिमय करू शकतो, संघाकडे वा लवादाकडे दाद मागू शकतो. आज्ञा करू शकत नाही. मग दुसरी बाजू सांगावी. २०२३ च्या उन्हाळ्यात कर्नाटकानेच वारणा व कोयनेच्या पाण्यासाठी महाराष्ट्राकडे विनंती केली होती. आज मागणारा उद्या देणारा असतो. शिरोळ तालुक्यातील वर्गांत मराठी व कानडी बोलणारी मुले शेजारी बसतात. त्यांच्यात या पाठाने वैर उत्पन्न झाले, तर पाठ फसला असे समजावे.

२०१९ च्या पुरात जिल्हाधिकारी व पोलीस ही राज्याची यंत्रणा आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, सैन्य व नौदल ही संघाची दले एकत्र राबली. अधिकार वाटले, तरी कर्तव्य एकच राहते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शिक्षकाने त्या अनुभवास शब्द द्यावेत.

उजळणीचे प्रश्न :
१. राधानगरी व अलमट्टी या धरणांवर कोणाकोणाचा अधिकार आहे?
२. दोन राज्यांत पाण्याचा तंटा झाल्यास निवाडा कोण करतो? का?
३. ‘संघ मोठा, राज्य लहान’ हे म्हणणे कोठे चुकते?