दोन घरांचे कॅमेरे : परदेशात नव्याने गेलेल्या कोल्हारकरांसाठी

परदेशात नोकरीनिमित्त नव्याने गेलेल्या कुटुंबाला सुरक्षा कॅमेऱ्यांचा विचार बहुधा दोनदा करावा लागतो, एकदा तिथल्या भाड्याच्या घरासाठी आणि एकदा गावाकडे राहिलेल्या आईवडिलांच्या घरासाठी. अमेरिका, ब्रिटन आणि आखाती देशांत बरीच वर्षे स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांचे सल्ले एकत्र केले, तर त्यांतला पहिला आणि सर्वांत उपयोगी सल्ला असा निघतो, की या दोन घरांसाठी एकच यंत्रणा शोधू नये. परदेशातल्या घराचा कॅमेरा मुख्यतः दाराशी ठेवून गेलेल्या पार्सलांची राखण करतो. कोल्हारच्या घराचा कॅमेरा वयस्क माणसांच्या सोबतीला असतो, आणि तो बघणाऱ्याच्या सोयीने न निवडता तिथे राहणाऱ्यांच्या सोयीने निवडावा लागतो. ही दुसरी निवड अवघड असल्याने पुढील विवेचनात तिलाच अधिक जागा दिली आहे.

परदेशातल्या घराविषयीचे सल्ले थोडक्यात सांगता येतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याआधी करारनामा वाचावा आणि शक्यतो बॅटरीवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल, म्हणजे कॅमेरा आणि मायक्रोफोन असलेली दारावरची घंटा, घरमालकाच्या लेखी परवानगीने बसवावी. तिचा रोख स्वतःच्या उंबऱ्यावर असावा, शेजाऱ्याच्या दारावर किंवा रस्त्यावर नसावा, कारण युरोपात ही केवळ सभ्यतेची बाब नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये एका चेक कुटुंबाच्या प्रकरणात असे ठरवले, की घराच्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर ते चित्रीकरण निव्वळ घरगुती राहत नाही आणि त्याला माहिती संरक्षणाचा कायदा लागू होतो. गंमत अशी, की त्याच चित्रीकरणामुळे त्या घराच्या काचा फोडल्याच्या संशयावरून माणसे ओळखता आली होती. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने शेजाऱ्याचे कॅमेरे आणि डोअरबेल यांच्याविरुद्धच्या तक्रारीत तक्रारदाराच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात चित्रापेक्षाही दूरवरचा आवाज टिपण्याच्या क्षमतेवर कडक ताशेरे होते. अमेरिकेतही आवाज हाच नाजूक भाग आहे, कारण कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला त्यातील सर्वांची संमती लागते. म्हणून नवागताने ध्वनिमुद्रण बंद ठेवून सुरुवात करावी. दुबईत सुरक्षा यंत्रणांच्या क्षेत्रावर ‘सिरा’ या सरकारी संस्थेचे नियंत्रण आहे आणि दुसऱ्याचे चित्र परवानगीवाचून टिपण्याविषयीचे कायदे कडक आहेत, त्यामुळे तिथे इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारल्याशिवाय दाराबाहेर काहीही लावू नये.

कॅमेरा कोणत्याही देशात बसवायचा असो, त्याचे चित्रीकरण कुठे साठते हा प्रश्न कंपनीच्या नावाआधी विचारावा. क्लाउड साठवण म्हणजे चित्रीकरण इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर जाणे, आणि स्थानिक साठवण म्हणजे ते घरातल्याच कार्डावर किंवा हार्ड डिस्कवर राहणे. क्लाउडमध्ये चोराने कॅमेरा उचलून नेला तरी पुरावा शिल्लक राहतो, परंतु मासिक शुल्क लागते आणि घरातली दृश्ये परक्याच्या कोठीत जातात. रिंग या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रीकरणे पाहता येत होती, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये तिच्याशी 58 लाख डॉलरची तडजोड केली. फेब्रुवारी 2024 मध्ये वाइझ या कंपनीच्या सुमारे 13 हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली चित्रे दिसली. स्थानिक साठवणही आपोआप सुरक्षित ठरत नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे रेकॉर्डर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन इंटरनेटच्या मोठ्या भागाला वेठीस धरले, ते केवळ या उपकरणांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. ब्रिटनने एप्रिल 2024 पासून असे सरसकट एकच पासवर्ड असलेली घरगुती उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई केली आहे.

आता गावाकडच्या घराविषयी. नगर–मनमाड रस्ता प्रवरा ओलांडतो तिथे दक्षिण तीरावर राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द आणि उत्तर तीरावर राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक अशी दोन गावे आहेत, आणि निवडीच्या दृष्टीने घर कोणत्या तीरावर आहे यापेक्षा ते गावठाणात आहे की उसातल्या वस्तीवर आहे याला महत्त्व आहे. गावठाणातले घर भिंतीला भिंत लागून असते, तिथे दोन कॅमेरे पुरतात, शेजारी हाकेच्या अंतरावर असतात आणि फायबरचे इंटरनेट मिळण्याची शक्यता अधिक असते. वस्तीवर घर, गोठा, कांद्याची चाळ आणि विहिरीवरची मोटार एकमेकांपासून दूर असतात, विजेचा भरवसा कमी असतो आणि इंटरनेट बहुधा मोबाईलच्या सिमवर चालते. परदेशातून हौसेने आणलेला वायफाय कॅमेरा यांपैकी दुसऱ्या ठिकाणी हमखास निराशा करतो, कारण दगडी किंवा जाड विटांच्या भिंतीपलीकडे वायफाय पोचत नाही. अमेरिकन डोअरबेलचीही गत तशीच; तारेने जोडायची घंटा तिथल्या 16 ते 24 व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी बनवलेली असते आणि भारतातली घंटा थेट 230 व्होल्टवर चालते, त्यामुळे ती जुन्या बटणाच्या जागी तशीच जोडल्यास जळून जाते.

म्हणून स्थायिक कुटुंबांचा कल गावाकडे तारेने जोडलेल्या यंत्रणेकडे आहे, आणि तो योग्य आहे. तिचे दोन प्रकार आहेत. डीव्हीआर या रेकॉर्डरला कोअॅक्सियल केबलने साधे कॅमेरे जोडतात. हा प्रकार स्वस्त असतो आणि तालुक्याच्या गावातला कोणताही कारागीर तो दुरुस्त करू शकतो. एनव्हीआरला संगणकाच्या जाळ्याच्या केबलने आयपी कॅमेरे जोडतात, आणि पीओई नावाच्या सोयीमुळे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही मिळते. चित्र अधिक स्पष्ट येते, पण बिघाड शोधायला जाणकार लागतो. घरात तरुण माणूस नसेल तर थोडे कमी स्पष्ट, पण गावातच दुरुस्त होणारे यंत्र घ्यावे. बंद पडलेल्या उत्तम कॅमेऱ्यापेक्षा चालू असलेला मध्यम कॅमेरा उपयोगाचा.

वीज हा या निवडीचा खरा कणा आहे. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून साधारण 40 ते 60 वॅट वीज घेतात, म्हणजे छताच्या एका जुन्या पंख्याहूनही कमी, त्यामुळे घरातला इन्व्हर्टर हा भार रात्रभर सहज पेलतो. मात्र कारागीर रेकॉर्डर इन्व्हर्टरवर जोडतात आणि फायबर कंपनीची पेटी साध्या प्लगवर राहते, अशी चूक वारंवार होते. मग वीज गेल्यावर चित्रीकरण चालू असते, पण परदेशातल्या मुलाच्या फोनवर काहीच दिसत नाही आणि दोन्हीकडे नाहक घबराट उडते. दोन्ही पेट्या एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर असल्याची खात्री पहिल्याच दिवशी मुख्य स्विच बंद करून पाहून घ्यावी.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे 1920 गुणिले 1080 बिंदूंचा कॅमेरा एच.265 या काटकसरी पद्धतीने सेकंदाला सुमारे 2 मेगाबिट माहिती तयार करतो असे धरल्यास दिवसाला 21 ते 22 गिगाबाइट जागा लागते, चार कॅमेऱ्यांना सुमारे 86, आणि 2 टेराबाइटची डिस्क साधारण तेवीस दिवसांनी जुने चित्रीकरण पुसू लागते. लग्नाला किंवा तीर्थयात्रेला आठवडाभर बाहेर गेलेल्या आईवडिलांना परतल्यावर काही हरवल्याचे कळते, तेव्हा हे तेवीस दिवस कामी येतात. हेच चार कॅमेरे सतत क्लाउडवर चढवायचे ठरवल्यास 8 मेगाबिटचा अखंड अपलोड वेग लागेल, जो सिमवरच्या इंटरनेटकडून अपेक्षिणे व्यर्थ आहे.

कॅमेरा कुठे आणि कोणत्या भिंगाचा बसवावा यावर विक्रेता सहसा बोलत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायला दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीत 250 बिंदू लागतात. 2.8 मिलिमीटरचे रुंद भिंग सगळे अंगण एका नजरेत दाखवते, परंतु दोन मेगापिक्सेलमध्ये ही अट ते सुमारे तीन मीटरपर्यंतच पुरी करते, त्यापलीकडे फक्त कोणीतरी आले एवढेच कळते. 6 मिलिमीटरचे अरुंद भिंग तेच काम सुमारे आठ मीटरपर्यंत करते. म्हणून ओट्यावर दाराशी एक रुंद भिंग आणि फाटकाच्या वाटेवर एक अरुंद भिंग, ही जोडी चार रुंद कॅमेऱ्यांपेक्षा सरस ठरते. रात्रीसाठी बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त दिवे असतात, ज्यांचा प्रकाश माणसाला जवळपास दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. त्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात, आणि भिंगासमोरच्या जाळ्यामुळे रात्रभर खोटे इशारे वाजतात. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवणे हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक पाहुणा गृहीत धरावा लागतो. प्रवरा खोऱ्यात बिबट्या उसात राहतो, पिले वाढवतो आणि शेळ्या व कुत्र्यांसाठी वस्तीपर्यंत येतो, त्यामुळे गोठ्याकडचा कॅमेरा हा चोरापेक्षा पहाटे धार काढायला जाणाऱ्या माणसासाठी असतो; घरातल्या पडद्यावर गोठा आधी पाहून मगच बाहेर पडावे. बिबट्या दिसल्यास वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावावा. अशा ठिकाणी हालचालीवरून मोठा दिवा लागण्याची सोय फोनवरच्या इशाऱ्यापेक्षा मोलाची आहे.

इशाऱ्यांचा विचार घड्याळासह करावा. कोल्हारला रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, कॅलिफोर्नियात साडेबारा, लंडनमध्ये रात्रीचे साडेआठ आणि दुबईत साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे अमेरिकेतला मुलगा जागा असतो, पण कामात असतो, आणि दिसले तरी तो धावून जाऊ शकत नाही. त्यामुळे इशारा आधी शेजाऱ्याच्या किंवा पुतण्याच्या फोनवर जावा आणि परदेशातल्या फोनवर नंतर, असा आग्रह सगळीच अनुभवी कुटुंबे धरतात. जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते, जिच्या टोल फ्री क्रमांकावर सांगितलेला निरोप गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी वाजतो. आईवडिलांचा आणि शेजाऱ्यांचा क्रमांक तिच्यात नोंदवलेला आहे का, हे कॅमेरा घेण्याआधी पाहावे. पोलिसांसाठी 112 आहेच.

घरातल्या माणसांच्या खासगीपणाविषयी नवागत फारसे बोलत नाहीत, आणि म्हणूनच इथे ते स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आईला स्वयंपाकघरात, न्हाणीच्या वाटेवर किंवा निजण्याच्या खोलीत कॅमेरा नको असतो, पण मुलाने एवढा खर्च केला म्हणून ती गप्प बसते. वडिलांच्या पडण्याची काळजी असेल तर गळ्यात घालायचे आपत्कालीन बटण किंवा दिवसातून दोनदा ठरलेला फोन हे उपाय आधी करावेत. घरात भांडी-धुण्याला येणाऱ्या बाईंना कॅमेरा कुठे आहे ते सांगावे, आणि बैठकीतल्या कॅमेऱ्याला घरातली माणसे सहज वापरू शकतील असे झाकण किंवा बटण असावे. पाहुणे आले की आई त्यावर रुमाल टाकत असेल, तर त्याबद्दल परदेशातून फोन करून विचारणा करू नये.

खरेदी गावाजवळच करावी. भारतात 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेत सायबर सुरक्षेच्या कसोट्या पार करून भारतीय मानक ब्युरोची नोंदणी घ्यावी लागते, तेव्हा पक्के बिल आणि नोंदणीचा क्रमांक मागावा. बाहेरून आणलेल्या यंत्राला इथे हमीही मिळत नाही. मुख्य खाते, ज्याला अॅडमिन म्हणतात, ते कारागिराच्या फोनवर उघडले जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ते घरच्याच ईमेलवर उघडावे, मुलाला आणि शेजाऱ्याला फक्त पाहण्याची परवानगी द्यावी, आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा.

चोरी झालीच, तर रेकॉर्डरला हात लावण्याची घाई करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, जो 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि व्हॉट्सअॅपवर फिरून आकसलेल्या तुकड्याला मूळ नोंदीची सर येत नाही. मूळ नोंदीतला चोरीच्या वेळचा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा, डिस्क जुने पुसण्याआधी पोलिसांना दाखवावी, आणि रेकॉर्डरचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना हे तपासावे. परदेशातल्या अॅपमध्ये अनेकदा तिकडची वेळ दिसते, आणि फिर्यादीत मुलाने सांगितलेली दुपारची साडेतीनची वेळ लिहिली गेली तर ती दुरुस्त करायला आईवडिलांनाच पुन्हा ठाण्यात जावे लागते.